खुर्चीवर बसून खाल्लेले इंदूर

गुरुवार

नाशिकहून मोटारीने इंदूरला जाणाऱ्याची एक मोठी सोय म्हणजे त्याला रस्ता जवळजवळ शोधावाच लागत नाही. द्वारका चौकातून निघालेला मुंबई–आग्रा महामार्ग धुळे, शिरपूर, सेंधवा अशी गावे घेत खलघाटला नर्मदा ओलांडतो, मानपूरचा घाट चढून माळव्याच्या पठारावर येतो, आणि शहरात शिरल्यावर ‘ए. बी. रोड’ या नावाने भंवरकुआ, नवलखा, गीता भवन, पलासिया, एलआयजी असे चौक मागे टाकीत विजयनगरला पोहोचतो. आमचा मुक्काम तेथेच, स्कीम ७८ मध्ये आतेभावाकडे होता. आत्याचे सारे आयुष्य रामबागेत गेले. आता ती मुलाकडे राहते आणि विजयनगरला अजूनही ‘गावाबाहेर’ म्हणते, जरी शहराची निम्मी उलाढाल आता या गावाबाहेरच होत असली, तरी.

इंदूरच्या खाण्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यातील बहुतेक सराफा हा रात्रीचा खाद्यबाजार आणि छप्पन दुकान हा खाऊच्या दुकानांचा पट्टा यांच्याभोवती फिरते. ते योग्यच आहे. मात्र इंदूर विकास प्राधिकरणाने स्कीम ५४, ७४, ७८ अशा क्रमांकांनी पाडलेल्या या नव्या वस्तीत बँका, विमा कंपन्या, सॉफ्टवेअरची कार्यालये, शिकवणीवर्ग आणि मॉल यांची दाटी झाल्यापासून त्यांच्या आधाराने उपाहारगृहांची एक निराळी दुनिया उभी राहिली आहे. तिच्याकडे पाहुणे सहसा वळत नाहीत आणि इंदूरकर मात्र रोज वळतात, म्हणून या खेपेस आधी विजयनगर पाहायचे आणि सराफ्याला नंतर जायचे, असे आम्ही ठरविले होते.

प्रवासाचा शीण असूनही रात्री आतेभाऊ आम्हांला एका उंच इमारतीच्या गच्चीवरील उपाहारगृहात घेऊन गेला. अशा गच्च्या येथे सध्या फार चालतात. खाली ए. बी. रोडवरील दिव्यांची रांग, वर उघडे आकाश, मधे वेताच्या खुर्च्या आणि कानठळ्या बसविणारे संगीत, असा सगळा थाट होता. पदार्थांच्या यादीत इटली, मेक्सिको, चीन आणि पंजाब एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदत होते, आणि त्या चारही देशी-परदेशी स्वयंपाकांत पनीर समान होते. माळव्यातील हवा डिसेंबरात रात्री बोचरी होते, त्यामुळे टेबलाशेजारी शेगडी आणून ठेवण्यात आली. त्या शेगडीची ऊब हीच त्या रात्रीची सर्वांत समाधान देणारी गोष्ट होती. पास्ता बेताचा होता, पनीर टिक्का चांगला होता, आणि धुराचे लोट सोडीत आलेले सरबत पिण्यापेक्षा छायाचित्र काढण्यासाठीच अधिक असावे.

बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच असे शुल्क ग्राहकाच्या इच्छेविना बिलात घालू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. आतेभावाने शांतपणे तेवढे सांगताच व्यवस्थापकांनी ते काढून टाकले. स्वतंत्र उपाहारगृहांत वस्तू व सेवा कर ५ टक्के लागतो, तो मात्र द्यावाच लागतो. ज्यांना अशा ठिकाणी जायचे आहे त्यांनी बिल वाचून मगच पैसे द्यावेत.

शुक्रवार

व्यापारी वस्तीतील खाणे समजून घ्यायचे असेल, तर कामाचा वार गाठावा. दुपारी एक वाजेपर्यंत स्कीम ५४ मधील गल्ल्या सुस्त असतात. त्यानंतर कार्यालयांच्या दारांतून गळ्यात ओळखपत्रे लटकवलेली तरुण मंडळी घोळक्याने बाहेर पडतात आणि अडीचपर्यंत कोठेही बसायला जागा मिळत नाही. आतेभावाच्या कार्यालयातील मंडळींबरोबर आम्ही एका थाळीच्या ठिकाणी गेलो. तेथे वाढण्याचा वेग थक्क करणारा होता. आपण पहिला घास घेईतो शेजारच्या टेबलावरील ताटे उचललेली असत. डाळ, दोन भाज्या, कढी, फुलके, भात आणि वाटीभर शेव. इंदुरात जेवणाबरोबर शेव न वाढणारा मनुष्य पाहुणचारात कमी पडला असे समजतात, आणि हा नियम नव्या वस्तीतही मोडलेला नाही.

या दुपारी एक गोष्ट माझ्या ध्यानी आली आणि पुढील दिवसांत ती पक्की होत गेली. जुन्या इंदुरात खाणे उभ्याने होते. राजवाड्याच्या आसपास कचोरी, सराफ्यात दहीवडा, सकाळी कोपऱ्यावरचे पोहे, सारे हातात द्रोण धरून, शेजारच्या अनोळखी माणसाला धक्का लागू न देता खायचे. तेथे पदार्थ हाच सर्वस्व असतो आणि तो इतका स्वस्त व इतका चांगला असतो की, विजयनगरातील कोणत्याही तरुण उपाहारगृहवाल्याला चवीच्या जोरावर त्याच्याशी स्पर्धा करणे अवघड आहे. त्यामुळे येथे विकली जाते ती खुर्ची. ती वातानुकूलित खोलीत असते, तिच्याजवळ मोबाइल भारित करण्याची सोय असते, आणि तिच्यावर किती वेळ बसलात हे कोणी विचारीत नाही. सराफ्यात चौघांचे पोट भरेल एवढ्या पैशांत येथे दोन कॉफ्या येतात, अशी तक्रार आत्या करते. तिला मी म्हटले की, दोन तासांचे भाडेही त्यातच धरले पाहिजे. तिला ते पटले नाही.

दुपारी चारनंतर आम्ही ज्या कॉफीगृहात बसलो तेथे या खुर्च्यांचा उपयोग नीट दिसला. एका टेबलावर नोकरीची मुलाखत चालली होती. दुसऱ्यावर दोन मुली शिकवणीच्या वह्या उघडून गप्पा मारीत होत्या. खिडकीपाशी जमीनजुमल्याचा व्यवहार होत असावा, कारण नकाशा पसरलेला होता आणि कॉफी कोणी पीत नव्हते. कोपऱ्यातील टेबलावर मात्र मराठी ऐकू येत होती. वहिनींनी हळूच सांगितले, “भाऊजी, हा पाहण्याचा कार्यक्रम चाललाय. आता मुलगा-मुलगी आधी इथं भेटतात आणि जमलं तरच घरी पोहे होतात.” सुदामानगर किंवा लोकमान्यनगरातील आईवडील पूर्वी मुलाकडच्यांना दिवाणखान्यात बसवीत, तो दिवाणखाना आता विजयनगरात भाड्याने मिळतो. घरी चार परक्या माणसांपुढे ट्रे घेऊन यावे लागण्यापेक्षा मुलीच्या दृष्टीने ही व्यवस्था किती तरी बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पदार्थांत या कॉफीगृहाने एक चांगले काम केले होते. बटाट्याच्या तळलेल्या कापांवर त्यांनी जीरावन भुरभुरले होते. जिरे, धणे, बडीशेप, सुंठ, लवंग, हिंग, आमचूर आणि काळे मीठ यांचा हा माळवी मसाला पोह्यांवर, काकडीवर, गराडू नावाच्या कंदावर, कशावरही शोभतो, आणि त्या कापांवर तो परदेशी सॉसपेक्षा कितीतरी सरस लागला. याउलट भुट्ट्याचा कीस भाजलेल्या पावावर चिमूटभर पसरून दिलेला पदार्थ मला फसलेला वाटला. किसलेले कोवळे कणीस तुपात परतून दुधात शिजवले की, त्याला जो ओलसर, दाणेदार मऊपणा येतो, तो पावाने शोषून घेतल्यावर उरते काय? यादीत प्रत्येक पदार्थापुढे ‘जैन’ पर्यायाची खूण होती, ही मात्र शहराची नीट ओळख असल्याची साक्ष होती. इंदुरात जैन समाज मोठा आहे, आणि कांदा-लसणाविना पिझ्झा करून देता न येणाऱ्याने येथे दुकान न काढलेलेच बरे.

संध्याकाळी चहा. कुल्हडातील चहाची जी लाट गेल्या काही वर्षांत देशभर पसरली, तिचा एक मोठा उगम इंदुरातच आहे. ‘चाय सुट्टा बार’ हे दुकान २०१६ साली दोन तरुण मित्रांनी येथे सुरू केले, आणि आज त्याच्या शाखा शेकडोंनी मोजाव्या लागतात. परदेशांतही त्या गेल्या आहेत. नावात काहीही असले तरी आत धूम्रपानास मनाई असते. शिकवणीवर्गांच्या गर्दीला कमी पैशांत बसायला जागा देणे, हे त्या धंद्याचे खरे सूत्र होते, असे मला वाटते. पाच-सहा घोटांच्या चहावर तासभर गप्पा मारता येतात, हे विद्यार्थ्यांना महाग कॉफीगृहांच्या आधी त्यांनी देऊ केले. चहा दाट, गोड आणि आल्याचा होता. उत्तम होता असे म्हणणार नाही, पण थंडीत मातीचा कुल्हड हाताला बरा वाटतो.

विजयनगर चौकाजवळ सयाजी हॉटेलची परिचित इमारत लागते. टेबलातच शेगडी बसवून ग्राहकाला स्वतः भाजायला लावणाऱ्या ‘बार्बेक्यू नेशन’ या साखळीची सुरुवात याच सयाजी समूहाने २००६ मध्ये केली, हे इंदूरकर अभिमानाने सांगतात. आम्ही तेथे गेलो नाही, कारण ठरावीक पैशांत हवे तेवढे खाण्याची वयाने आता परवानगी उरलेली नाही.

रात्री अकराला घरी परतताना रस्त्यावरची बहुतेक दुकाने मिटत होती. वास्तविक सप्टेंबर २०२२ मध्ये बीआरटीएस, म्हणजे बसगाड्यांसाठी राखून ठेवलेल्या मार्गिकेलगतच्या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या पट्ट्यात दुकाने आणि उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्यास प्रशासनाने परवानगी दिली होती. रात्रपाळीत काम करणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना जेवायला मिळावे आणि शहरात गुंतवणूक यावी, असा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात दारू पिऊन होणारी भांडणे आणि रात्रीची दंगामस्ती यांच्या तक्रारी वाढल्या आणि जुलै २०२४ मध्ये ती सवलत मागे घेण्यात आली. ज्या बीआरटीएसच्या नावाने तो पट्टा ओळखला जाई, ती २०१३ मध्ये सुरू झालेली मार्गिकाही काढून टाकण्यास उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मुभा दिली. आतेभावाच्या मते परवानगी रद्द करण्यापेक्षा पोलिसांची गस्त वाढवायला हवी होती. रात्री दोनला काम संपवून बाहेर पडणाऱ्या मुलीने उपाशी घरी जायचे काय, असे तो विचारीत होता. त्याचे म्हणणे मला रास्त वाटले.

शनिवार

सुटीचा दिवस असल्याने कार्यालयांच्या गल्ल्या ओस आणि मॉल तुडुंब, असे उलटे चित्र होते. डिसेंबर २०२२ मध्ये बायपासवर उघडलेल्या फिनिक्स सिटाडेल मॉलने विजयनगरच्या जुन्या मॉलची गर्दी बरीच ओढून घेतली आहे. तेथील खाद्यविभागात काही काळ घालविला. मुंबई-पुण्यात जे मिळते तेच तेथेही मिळते, त्याच नावांनी आणि त्याच चवीने. त्यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही. एवढेच सांगतो की, दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना पदार्थापुढे उष्मांक छापणे २०२२ पासून बंधनकारक आहे, आणि ते आकडे वाचून आमच्या सौभाग्यवतींनी चीज घातलेला एक पदार्थ परत यादीत ढकलला.

दुपारी छप्पन दुकान. ही जागा जुने इंदूर आणि विजयनगर यांच्या मधोमध, न्यू पलासियात आहे, आणि वृत्तीनेही ती मधलीच आहे. २०२० च्या सुरुवातीला या पट्ट्याचे ५६ दिवसांत नूतनीकरण करण्यात आले. वाहने बाहेर काढली, फरसबंदी केली, बसायला कट्टे आणि झाडे आली. म्हणजे उभ्याने खाण्याच्या जागेला सरकारी खर्चाने खुर्ची मिळाली, आणि तीही फुकट! अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने स्वच्छ खाद्यपथाचा दर्जाही दिला आहे. येथे जॉनी हॉट डॉगच्या दुकानापुढे गर्दी हटत नाही. परदेशी नावाने फसू नये. लांबट सॉसेजचा त्याच्याशी काही संबंध नाही. गोल पावात बटाट्याची टिकिया घालून तो तव्यावर खरपूस भाजतात, एवढाच प्रकार, आणि तो उत्कृष्ट आहे. अंडे घातलेला ‘बेंजो’ही तितकाच लोकप्रिय. विजय चाट हाउसमध्ये खोपरा पॅटिस घेतले. बाहेर बटाट्याचे आवरण आणि आत ओल्या खोबऱ्याचे, सुक्या मेव्याचे किंचित गोडसर सारण असते. कोकणी माणसालाही खोबऱ्याचा असा उपयोग सुचला नसता.

खाऊन झाल्यावर द्रोण टाकायला गेलो तर ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे डबे वेगळे होते आणि एक लहान मुलगा आपल्या वडिलांना कोणता द्रोण कोठे टाकायचा ते दटावून सांगत होता. शहरात वेगळा केलेला हा ओला कचरा देवगुराडियाजवळच्या प्रकल्पात जातो. रोज ५५० टन कचऱ्यापासून बायो-सीएनजी तयार करण्याची त्याची क्षमता आहे. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि शहरातील काही बसगाड्या त्या वायूवर धावतात. खवय्यांच्या गावाने उष्ट्याचा इतका विचार केला आहे, हे मला स्वच्छतेसाठी शहराला मिळालेल्या बक्षिसांपेक्षा मोलाचे वाटते.

सराफ्यात न जाता इंदूर सोडणे आत्याला मान्य होणार नव्हते. रात्री दहानंतर सोन्याचांदीच्या पेढ्यांची दारे ओढली जातात आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे ठेले लागतात. थंडीचे दिवस असल्याने गराडू होता. कोनफळाच्या जातीचा हा कंद दोनदा तळून, लिंबू पिळून, जीरावन घालून देतात. दहीवड्याची वाटी हवेत उडवून झेलणे, ताटाएवढी जिलेबी, दुधाची दाट शिकंजी, हे सारे होतेच. गेल्या काही वर्षांत येथे मोमो आणि नूडल्स यांचे ठेले वाढले, म्हणून पारंपरिक पदार्थांनाच जागा असावी अशी मागणी सराफ मंडळींकडून जोर धरीत आहे. तिला माझा पाठिंबा आहे, कारण मोमो खायला विजयनगर आहे आणि तेथे बसायलाही मिळते. गराडूला मात्र दुसरीकडे असा बाजार नाही. गर्दी इतकी होती की, आत्याने पेढीच्या पायरीवर बैठक मारली आणि आम्ही तिला एकेक पदार्थ आणून दिला.

रविवार

सकाळी वाद झाला तो पोह्यांवरून. आतेभावाला विजयनगरातील एका नव्या न्याहारीगृहात न्यायचे होते, आत्याला राजवाड्याजवळचे नेहमीचे दुकान हवे होते. अखेर आम्ही दोन्हीकडे गेलो. राजवाड्यापाशी पोह्यांची रास उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेली असते, त्यामुळे ते वाफेवर मऊ व गरम राहतात. फोडणी नाममात्र, बडीशेप आणि साखर जाणवण्याइतकी, आणि वर कांदा, शेव, लिंबू, जीरावन. होळकरांच्या राज्यात आलेल्या मराठी कुटुंबांनी पोहे माळव्यात आणले असे येथे सर्रास सांगतात. तसे असेल तर माळव्याने त्यांत एवढा बदल केला आहे की, आपली मालकी सांगायला तोंड उरत नाही. हिरवी मिरची आणि शेंगदाणे यांवर वाढलेल्या माझ्यासारख्यालाही हे पोहे अधिक आवडतात, हे नाशिकला फार मोठ्याने सांगणार नाही.

विजयनगरचे पोहे चिनी मातीच्या बशीत, वर डाळिंबाचे दाणे आणि बाजूला इवलीशी जिलेबी, अशा सजावटीने आले. चव वाईट नव्हती. पण ते एकदाच शिजवून ठेवून मागणीप्रमाणे गरम केलेले होते आणि कडेला कोरडे पडले होते. वाफेचे पातेले काउंटरवर मांडले तर ‘रूप बिघडेल’ असे त्या दुकानाच्या तरुण मालकाचे म्हणणे. एवढ्या एका बाबतीत नव्या वस्तीने जुन्या गावाकडून काम शिकून यावे. बाकी दुकान स्वच्छ होते, आणि रविवारी सकाळी तेथे तीन पिढ्यांची कुटुंबे निवांत बसलेली होती. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना उभ्याने खाणे जमत नाही आणि त्यांच्यासाठी हीच जागा योग्य, हे आत्यानेही कबूल केले.

दुपारी जेवून लगेच निघायचे असे ठरले होते. जेवायला विजयनगरातच दाल-बाफल्याचे ठिकाण निवडले, कारण हा पदार्थ मुळात बसून खाण्याचाच आहे. जाडसर कणकेचे गोळे हळदीच्या पाण्यात उकडून, मग भाजून, फोडून तुपात बुडवतात. बरोबर आंबटगोड डाळ, कढी, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी आणि शेवटी चुरम्याचा लाडू. वाढणारा तूप ओतताना आपण ‘पुरे’ म्हणेपर्यंत थांबत नाही आणि म्हटल्यावरही लगेच थांबत नाही. विजयनगरात या चार दिवसांत खाल्लेल्यांपैकी याच एका जेवणात खुर्ची आणि पदार्थ दोन्ही तोलामोलाचे होते. दोन बाफल्यांवर थांबावे, असा सल्ला आतेभावाने दिला होता. मी चौथा फोडल्यावर वहिनींनी परस्पर आमच्या नाशिकच्या घरी फोन करून गाडी सोमवारी पहाटे निघेल असे कळवून टाकले.